इब्न बतूताने पाहिलेले अलेक्झांड्रिया

आफ्रिकेच्या उत्तरेला भूमध्य समुद्र आहे. त्याच्या किनाऱ्यावर इजिप्त देशात अलेक्झांड्रिया हे बंदर आहे. उर्दूत आपण त्याला इस्कंदरिया म्हणतो.

मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता हजसाठी एकविसाव्या वर्षी घरून निघाला. १३२६ च्या एप्रिलमध्ये तो या शहरात पोहोचला. तेथील बंदर त्याला फार आवडले. अशी बंदरे जगात मोजकीच आहेत, असे तो सांगतो. त्यांत आपल्या देशातील कालिकत व कोल्लम यांची नावे आहेत.

तेथील प्राचीन दीपस्तंभ त्याने बारकाईने पाहिला. त्याची एक बाजू ढासळली होती. दार जमिनीपासून उंच होते. समोर तेवढ्याच उंचीची इमारत होती. मध्ये फळ्या टाकून लोक आत जात. फळ्या काढल्या की वाट बंद!

याच शहरात बुरहानुद्दीन नावाच्या एका बुजुर्गांनी त्याला हिंदुस्थान, सिंध आणि चीनमधील आपल्या भावांना सलाम सांगायला सांगितले. तोपर्यंत इतक्या दूर जाण्याचा विचार त्याच्या मनात नव्हता. पुढे तो खरोखरच हिंदुस्थानात आला. त्याने आपल्या महाराष्ट्रातील दौलताबादही पाहिले. तेथे द्राक्षे व डाळिंबे वर्षातून दोनदा येतात, अशी त्याची नोंद आहे.

१३४९ मध्ये तो पुन्हा अलेक्झांड्रियाला गेला. तेव्हा दीपस्तंभ इतका मोडला होता, की दारापर्यंत चढताही येत नव्हते. आज त्या जागी सुलतान कायतबायचा किल्ला आहे. दीपस्तंभ राहिला नाही. परंतु त्याचे दार कसे होते, हे आपल्याला इब्न बतूतामुळे समजते.