सोन्याच्या करंड्यात मातीच्या खापऱ्या

वसईजवळच्या सोपाऱ्याच्या शिवारात झाडाझुडपांनी वेढलेले एक टेकाड होते. गावकरी त्याला बुरुड राजाचा कोट म्हणत. १८८२ च्या एप्रिल महिन्यात पंडित भगवानलाल इंद्रजी मजूर घेऊन तिथे पोचले ते मात्र कोटाच्या शोधात नव्हते. या टेकाडाच्या पोटात बौद्ध स्तूप आहे, असा त्यांचा कयास होता.

कयासाला आधार भक्कम होता. महाभारतातले शूर्पारक, जातककथांतले सुप्पारक, टॉलेमीने नोंदवलेले सौपारा, हे सगळे म्हणजे आपले सोपारे, याबद्दल भगवानलालना शंका नव्हती. शेजारचे निर्मळ गावही याच शूर्पारक क्षेत्रात येते. सोपाऱ्यातला पूर्ण नावाचा व्यापारी बुद्धाचा शिष्य झाला, त्याच्या बोलावण्यावरून बुद्ध स्वतः सोपाऱ्यात आले आणि त्यांच्यासाठी चंदनाचा विहार उभा राहिला, अशी कथा बौद्ध ग्रंथांत आहे. कथा कथाच असेल. पण ज्या बंदराबद्दल अशी कथा रचली जाते, तिथे बौद्धांची मोठी वस्ती असणारच.

टेकाडाच्या मध्यावर खणत मजूर खाली गेले, तेव्हा विटांनी बांधलेला एक कप्पा लागला. त्यात एक मोठा गोल दगडी डबा होता. झाकण उचलल्यावर आत जे दिसले, तसे दृश्य फार थोड्या उत्खननकर्त्यांच्या वाट्याला आले असेल. मधोमध तांब्याचा करंडा आणि त्याच्याभोवती कडे करून बसलेल्या आठ लहान धातूच्या मूर्ती. त्यांतल्या सात बुद्धांच्या, विपश्यीपासून शाक्यमुनी गौतमापर्यंत. आठवी मैत्रेयाची, म्हणजे अजून जन्माला यायच्या बुद्धाची.

मग करंडे उघडायला सुरुवात झाली. तांब्याच्या आत चांदीचा, चांदीच्या आत दगडी, दगडीच्या आत स्फटिकाचा आणि स्फटिकाच्या आत सोन्याचा. एकात एक, पाच. शेवटचा उघडला, तेव्हा सोन्याच्या पत्र्याची नाजूक फुले दिसली आणि त्या फुलांत जपून ठेवलेल्या मातीच्या भांड्याच्या तेरा बारीक खापऱ्या.

खापऱ्या! बाजारात फुटक्या कवडीला कोणी घेतल्या नसत्या. पण पाच आवरणे चढवून त्या ठेवणाऱ्यांना त्यांची किंमत नीट ठाऊक होती. भगवानलालनी निष्कर्ष काढला, की स्तूप बांधणाऱ्यांच्या श्रद्धेप्रमाणे हे बुद्धाच्या भिक्षापात्राचे तुकडे आहेत. मला हा निष्कर्ष पटतो. सोने आत आले ते मातीला जपण्यासाठी.

स्तूपात एक चांदीचे नाणेही मिळाले, सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीचे, त्यावर राजाचा चेहरा. म्हणजे काळ इसवी सनाचे दुसरे शतक. पण मूर्तींची घडण बघता त्या आठव्या-नवव्या शतकातल्या. नाणे आणि मूर्ती यांच्यात सहा-सातशे वर्षांचे अंतर, आणि दोन्ही एकाच स्तूपात. याचा सरळ अर्थ असा, की भगवानलालच्या हजारेक वर्षे आधी कोणीतरी हा स्तूप उघडला होता. सोन्याच्या करंड्यापर्यंत हात पोचत असूनही त्याने सोने नेले नाही. उलट आठ मूर्ती करंड्याभोवती मांडल्या, झाकण लावले आणि सगळे पुन्हा बंद केले. तो कोण होता, याचा मागमूस नाही. या साऱ्या शोधात मला त्याच माणसाबद्दल सर्वात जास्त आदर वाटतो.

स्तूपातला ठेवा असा जपला जातोच असे नाही. उत्तर प्रदेशात पिप्रहवा इथला स्तूप विल्यम पेपे यांनी १८९८ मध्ये खणला. तिथल्या रत्नांचा काही वाटा पेपे घराण्याकडे राहिला, २०२५ मध्ये तो हाँगकाँगच्या लिलावापर्यंत गेला आणि भारताने हरकत घेतल्यावर परत आला. सोपाऱ्याचा ठेवा मात्र सापडल्यावर मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे गेला आणि तिथेच राहिला.

त्याच १८८२ साली सोपाऱ्यातल्या एका तळ्याजवळ भगवानलालना बेसॉल्टचा एक फुटका दगड मिळाला. त्यावर ब्राह्मी अक्षरांच्या काही तुटक ओळी. दुसरा कोणी असता तर कदाचित चाचपडला असता. भगवानलाल जन्मले जुनागढला, गिरनारच्या पायथ्याशी. गिरनारच्या शिळेवर सम्राट अशोकाचे चौदा लेख आहेत, आणि प्रिन्सेप या इंग्रज अभ्यासकाने उलगडलेली ब्राह्मी वर्णमाला हाताशी धरून तिथलीच जुनी अक्षरे वाचत हा मुलगा लिपी शिकला. शाळेतले इंग्रजी शिक्षण त्यांना फारसे नव्हते. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी त्यांना मुंबईला आणले ते या विद्येसाठी. म्हणून सोपाऱ्याचा तुकडा काय आहे, हे त्यांच्या नजरेने पकडले. तो अशोकाचा आठवा लेख होता. पूर्वीचे राजे शिकारीसाठी, मौजेसाठी फिरत. मी बोधिवृक्षाच्या स्थानी गेलो आणि तेव्हापासून धर्मयात्रा सुरू केल्या, असे त्यात राजा सांगतो.

पुढचा तुकडा मिळायला चौऱ्याहत्तर वर्षे गेली. १९५६ मध्ये एशियाटिक सोसायटीचे ग्रंथपाल ना. अ. गोरे यांना तो मिळाला, आणि तोही सोपाऱ्यात नव्हे, तर निर्मळच्या शेजारच्या भुईगावात. हा नववा लेख. आजारपण, लग्न, बाळाचा जन्म, प्रवास अशा प्रसंगी लोक नाना मंगलविधी करतात, बायका तर फारच. पण नोकरांशी नीट वागणे, वडीलधाऱ्यांचा मान राखणे, प्राण्यांवर दया करणे हेच खरे मंगल, असे अशोक त्यात म्हणतो. कार्तिक वद्य एकादशीला निर्मळच्या जत्रेत सुकेळी घ्यायला येणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल?

दोन्ही तुकडे आज मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत. मला अस्वस्थ करते ते त्यांच्या सापडण्याच्या जागांमधले अंतर. गिरनारला सगळे लेख एकाच प्रचंड शिळेवर कोरलेले आहेत, ती शिळा हलणार कशी? सोपाऱ्यात मात्र ते सुट्या दगडांवर होते. सुटा, घडीव दगड कोणीही उचलतो आणि जोत्यात, विहिरीच्या काठाला, तळ्याच्या पायरीला लावतो. चौदा लेखांचा संच इथे पुरा होता असे धरले, तर बारा लेख अजून बेपत्ता आहेत. ते शोधायचे तर भुईगाव, गास, निर्मळ, सोपारे याच पट्ट्यात शोधायला हवेत. आणि नेमक्या याच पट्ट्यात बावखले, म्हणजे इथली छोटी तळी, बुजवली जात आहेत, जुनी जोती उखडून भरावात टाकली जात आहेत.

ओळखायला पंडित असावे लागत नाही. अशोकाच्या काळच्या ब्राह्मीत ‘क’ म्हणजे बेरजेचे चिन्ह, ‘ठ’ म्हणजे गोल वर्तुळ आणि ‘ग’ म्हणजे घराच्या छपरासारख्या दोन तिरक्या रेघा. अक्षरांवर शिरोरेघ नसते. जुन्या विहिरीचा वा बावखलाचा काळा दगड निघाला, तर तो ट्रकमध्ये चढण्याआधी त्यावर बादलीभर पाणी ओतावे, माती धुवावी आणि तिरप्या उन्हात या तीन खुणा आहेत का ते बघावे.