लखकन् उजेड, खुदकन् हसू

तान्ह्या पोळ्याला आर्णीतलं पोरगं लाकडी नंदी घेऊन बोजाऱ्यासाठी कुणाच्याही दारात थांबेल, पण फोटोसाठी थांबेल तर शपथ! बाहेर भादव्याचं भरलेलं आभाळ, घरात एकच ट्यूबलाइट. अशा वेळी फ्लॅश लावल्याशिवाय गत्यंतर नाही. पण पोरांमागे धावता धावताच कॅमेरा पुढे गेलाय. वाचा त्याच्या गमतीजमती, आणि घरच्या घरी जमतील अशा युक्त्याही.

पहिला मान बाळाचा
संगणकात स्कॅन झालेला पहिला फोटो तीन महिन्यांच्या बाळाचा होता. अमेरिकेत १९५७ मध्ये रसेल कर्श यांनी आपल्या लेकाचा, वॉल्डनचा फोटो स्कॅन केला. चित्र अवघं १७६ बाय १७६ ठिपक्यांचं. पुढे ११ जून १९९७ रोजी फिलिप कान यांनी मोबाइलला कॅमेरा जोडून दवाखान्यातूनच आप्तांना फोटो धाडला. तोही नुकत्याच जन्मलेल्या लेकीचा, सोफीचा!

पोरीनं विचारलं, बापानं करून दाखवलं
फोटो काढल्या काढल्या का दिसत नाही, असं एडविन लँड यांना १९४३ मध्ये त्यांच्या तीन वर्षांच्या मुलीनं विचारलं. १९४८ मध्ये झटपट फोटो देणारा पोलरॉइड कॅमेरा दुकानात आला.

फाळक्यांच्या घरचा कृष्ण
दादासाहेब फाळके सिनेमाच्या आधी फोटोग्राफर होते. ‘कालिया मर्दन’ला (१९१९) त्यांना कृष्ण घरातच सापडला: लेक मंदाकिनी. कथा सुरू होण्याआधी पडद्यावर दिसतात ते या चिमुरडीच्या चेहऱ्यावरचे झरझर बदलणारे हावभाव.

आधी भडका, मग फोटो
१८८७ मध्ये जर्मनीत मॅग्नेशियमची फ्लॅश पावडर निघाली. पेटवली की भडका, धूर आणि राख. बाळ हसायचं सोडून भोकाडच पसरणार! १९२९ मध्ये हा जाळ काचेच्या बल्बमध्ये बंद झाला.

लाल डोळे, पांढरी चमक
अंधुक खोलीत बाहुल्या मोठ्या होतात. भिंगाजवळचा फ्लॅश सरळ आत शिरतो आणि डोळ्याच्या मागच्या रक्तवाहिन्यांचा लाल रंग घेऊन परततो. खोलीतले सगळे दिवे लावा, लाली कमी होईल. मात्र डोळ्यात पुन्हा पुन्हा पांढरी चमक दिसली, तर बाळाला नेत्रतज्ज्ञांकडे न्या. बरेचदा कारण साधं असतं, पण दृष्टिपटलाच्या कर्करोगाची ती खूणही असू शकते.

फ्लॅशचं तोंड फिरवा
कॅमेऱ्यावर फिरणारा फ्लॅश असेल, तर त्याचं तोंड बाळाकडे नको, पांढऱ्या भिंतीकडे किंवा स्लॅबकडे करा. उजेड पसरून येतो, नाकाची काळी सावली पडत नाही. भिंत पोपटी असेल तर गालही पोपटी होतील! वर कवेलू किंवा पत्रे असतील, तर पांढरी चादर ताणून धरायला मामाला उभं करा.

दोन हात मागे, उजेड गुल
फ्लॅशपासून बाळ दुप्पट लांब गेलं की त्याच्यावरचा उजेड निम्मा नाही, चौथाई होतो. म्हणून पुढे बसलेली ताई पांढरीफटक आणि मागचा दादा काळाठिक्कर. सगळ्यांना एका ओळीत बसवा.

बोरं हवेतच अडकवा
संक्रांतीच्या बोरन्हाणाला खरी परीक्षा. झिनॉनचा फ्लॅश सेकंदाच्या हजाराव्या भागात किंवा त्याहूनही लवकर विझतो, त्यामुळे डोक्यावरून पडणारी बोरं आणि मुरमुरे फोटोत अधांतरी थांबतात. मोबाइलचा एलईडी रेंगाळतो, म्हणून बोराची रेघ उमटते. त्यात झबलं काळं, दागिने हलव्याचे पांढरे. कॅमेरा काळ्याला भुलून फोटो उजळवतो आणि हलव्याचे दाणे दिसेनासे होतात. एक्स्पोजर थोडं उतरवा.

डोळे जातात का?
नाही. साध्या फ्लॅशने बाळाची नजर जात नाही, पण बाळ दचकतं. त्यामुळे तोंडाजवळ फ्लॅश मारू नका आणि झोपलेल्याला तर छळूच नका.

जाता जाता
ब्युटी मोड बंद ठेवा. गालावरची तीट त्याला डाग वाटते. ती पुसली गेली, तर आजीला उत्तर तुम्ही द्यायचं!