विश्लेषण : सहकार राज्यांचा, तरी दिल्लीत मंत्रालय कशासाठी?

गावच्या विकास सोसायटीचे पीककर्ज, दूध संघाचे दहा दिवसांचे बिल, कारखान्याकडून येणारा उसाचा हप्ता, शहरातल्या पतसंस्थेतली मुदत ठेव. महाराष्ट्रात सहकाराशी संबंध नसलेले घर शोधावे लागेल. या सगळ्यासाठी केंद्रात स्वतंत्र मंत्रालय मात्र ६ जुलै २०२१ रोजी स्थापन झाले. दुसऱ्याच दिवशी मंत्रिमंडळाचा विस्तार झाला आणि गृहमंत्री अमित शहा यांच्याकडे त्याची सूत्रे गेली. राज्यघटनेने राज्यांना दिलेल्या विषयासाठी दिल्लीत मंत्रालय कसे, हा प्रश्न तेव्हा विचारला गेला आणि आजही तो पुरता मिटलेला नाही.

त्याआधी सहकार कोणाकडे होता?

कृषी मंत्रालयाकडे. तिथल्या एका खात्याच्या नावात ‘सहकार’ हा शब्द होता आणि बहुराज्य संस्थांचे केंद्रीय निबंधकही तिथेच बसत. १ फेब्रुवारी २०२१ च्या अर्थसंकल्पी भाषणात निर्मला सीतारामन यांनी सहकारासाठी वेगळी प्रशासकीय रचना उभारण्याचे सूतोवाच केले होते. पाच महिन्यांनी रचनेऐवजी थेट मंत्रालयच आले.

मात्र ‘देशात प्रथमच’ असे जे सांगितले जाते, ते अर्धेच खरे. १९५८ मध्ये सहकार हा विषय सामूहिक विकास मंत्रालयाला जोडण्यात आला आणि ‘सामूहिक विकास व सहकार’ असे त्याचे नाव झाले. एस. के. डे त्याचे मंत्री होते. तो नेहरूंच्या सहकारी शेतीच्या आग्रहाचा काळ. जानेवारी १९५९ मध्ये काँग्रेसच्या नागपूर अधिवेशनात संयुक्त सहकारी शेतीचा ठराव झाला आणि त्याला पक्षातूनच चरणसिंग यांनी विरोध केला. त्याच वर्षी राजाजींच्या पुढाकाराने स्वतंत्र पक्ष निघाला, त्यामागे या ठरावाची धास्ती मोठी होती. सहकारी शेती देशात रुजली नाही. १९६६ मध्ये हे मंत्रालय अन्न व कृषी मंत्रालयात विलीन झाले आणि पुढची पन्नासहून अधिक वर्षे सहकार कृषी खात्याच्या सावलीत राहिला. त्या काळातली टिकलेली गोष्ट म्हणजे १९६३ मध्ये स्थापन झालेले राष्ट्रीय सहकार विकास महामंडळ, अर्थात एनसीडीसी. साखर कारखान्यांना कर्ज देणारे हे महामंडळ आज नव्या मंत्रालयाच्या हातातले सर्वात वजनदार साधन आहे.

कायद्याची सुरुवात कुठून झाली?

सुरुवात शोधायची तर पुणे जिल्ह्यातल्या सुप्यापर्यंत जावे लागते. मे १८७५ मध्ये तिथल्या शेतकऱ्यांनी सावकारांची घरे-दुकाने गाठून कर्जरोखे जाळले. दंगलीचे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरले. सरकारने आयोग नेमला, १८७९ मध्ये शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा केला, पण सावकाराला पर्याय उभा राहिला नाही. तो देण्याचा प्रयत्न म्हणून १९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा आला. तो केवळ कर्ज देणाऱ्या संस्थांपुरता होता. १९१२ च्या कायद्याने इतर संस्थांनाही दार उघडले. १९१९ च्या सुधारणांनी हा विषय प्रांतांकडे सोपवला आणि १९२५ मध्ये मुंबई प्रांताने सर्वात आधी स्वतःचा कायदा केला. आजच्या १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाची ती पूर्वपीठिका.

राज्यघटनेने हीच वाट कायम ठेवली. सातव्या परिशिष्टातील राज्यसूचीच्या ३२ व्या नोंदीत सहकारी संस्था आहेत. केंद्रसूचीतील ४३ व्या नोंदीत व्यापारी महामंडळांचा उल्लेख करताना ‘सहकारी संस्था वगळून’ असे स्पष्ट म्हटले आहे. अपवाद एकच. ज्या संस्थेचे कार्यक्षेत्र एका राज्यापुरते नाही, ती केंद्राच्या अखत्यारीत येते. त्यासाठी १९४२, १९८४ आणि २००२ असे कायदे होत गेले.

महाराष्ट्रात अस्वस्थता का होती?

कारण इथे सहकार म्हणजे सत्तेची पहिली पायरी. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून प्रवरानगरचा कारखाना उभा राहिला, त्यानंतर कारखाना, जिल्हा बँक, दूध संघ, शिक्षणसंस्था आणि मग आमदारकी असा मार्गच तयार झाला. पाटबंधाऱ्यांपासून बाजार समित्यांपर्यंत सगळे त्याला जोडलेले. या साखळीची चावी दिल्लीकडे जाणार का, अशी शंका आली. राज्याच्या कायद्याखाली नोंदलेल्या संस्थांत केंद्राला हस्तक्षेप करता येणार नाही, असे शरद पवार यांनी तेव्हाच सांगितले होते.

दोनच आठवड्यांत, २० जुलै २०२१ रोजी, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला आणि घटनेची बाजू स्पष्ट झाली. २०११ च्या ९७ व्या घटनादुरुस्तीने सहकारी संस्थांसाठी नवा भाग घटनेत घातला होता. संचालकांची संख्या, निवडणुका, लेखापरीक्षण असे नियम त्यात होते. राज्यांच्या विषयात बदल करताना निम्म्या विधानसभांची मंजुरी घेतली नव्हती, म्हणून तो भाग राज्यांतील संस्थांना लागू होणार नाही, असे न्यायालयाने दोन विरुद्ध एक मतांनी ठरवले. बहुराज्य संस्थांसाठी तो कायम राहिला.

मग मंत्रालयाचा जोर कशावर?

कायदा राज्यांचा असला तरी पैसा आणि कर केंद्राकडे आहेत. साखर कारखान्यांनी किमान दरापेक्षा जास्त दिलेली उसाची रक्कम नफा धरून प्राप्तिकर खाते वर्षानुवर्षे नोटिसा काढत होते. २०१६ नंतरच्या रकमेचा प्रश्न आधी सुटला, आणि २०२३ च्या अर्थसंकल्पात त्याआधीच्या थकबाकीतही सूट मिळाली. हा दिलासा सुमारे १० हजार कोटी रुपयांचा असल्याचे अर्थमंत्र्यांनी सांगितले. पक्ष कोणताही असो, कारखानदारांनी त्याचे स्वागत केले. इथे मंत्रालयाला विरोध करणारा सूर मऊ झाला, हे नोंदवायला हवे.

दुसरा मार्ग गावपातळीवरचा. जून २०२२ मध्ये ६३ हजार प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या, म्हणजे आपल्या विकास सोसायट्यांच्या, संगणकीकरणाला २,५१६ कोटी रुपयांची मंजुरी मिळाली. सोसायटीने केवळ पीककर्ज न देता गोदाम, खतविक्री, गॅस, पंप असे पंचवीसहून अधिक व्यवसाय करावेत, यासाठी आदर्श उपविधी पाठवले गेले. ते स्वीकारायचे की नाही हे राज्ये ठरवतात, पण निधी त्याच दिशेने येतो. कायद्याला हात न लावता धोरण वळवण्याची ही पद्धत. बियाणे, निर्यात आणि सेंद्रिय माल यांसाठी २०२३ मध्ये तीन राष्ट्रीय बहुराज्य संस्थाही काढण्यात आल्या. आणंदला त्रिभुवनदास पटेल यांच्या नावाने सहकार विद्यापीठ झाले, आणि जुलै २०२५ मध्ये सुरेश प्रभू यांच्या समितीने तयार केलेले नवे राष्ट्रीय धोरण जाहीर झाले.

खरी धार २०२३ च्या बहुराज्य कायद्यातील दुरुस्तीला आहे. या संस्थांच्या निवडणुकांसाठी स्वतंत्र प्राधिकरण आले, जे आधी संचालक मंडळाच्याच हाती असे. आजारी संस्थांच्या पुनर्वसनासाठी नफ्यातील संस्थांना नफ्याचा एक टक्का किंवा एक कोटी रुपये, जे कमी असेल ते, द्यावे लागतात. चांगल्या चाललेल्या संस्थेने दुसऱ्याच्या गैरकारभाराची किंमत का मोजावी, हा आक्षेप रास्त वाटतो. राज्यात नोंदलेली संस्था दोनतृतीयांश सभासदांच्या ठरावाने बहुराज्य संस्थेत विलीन होऊ शकते, या तरतुदीवर विरोधकांचा रोख होता. राज्याचा कायदा न बदलता संस्थाच केंद्राच्या कक्षेत जाऊ शकते, असा त्याचा अर्थ.

ठेवीदाराला याचा काय फरक पडतो?

देशातील दीड हजारांहून अधिक बहुराज्य संस्थांपैकी सर्वाधिक महाराष्ट्रात आहेत आणि त्यांत पतसंस्था मोठ्या संख्येने आहेत. शाखा आपल्या गल्लीत, बोर्ड मराठीत, म्हणून ती इथलीच वाटते. पण नावापुढे ‘मल्टिस्टेट’ असेल, तर पैसे अडकल्यावर तालुक्याचे सहायक निबंधक किंवा जिल्हा उपनिबंधक तक्रार घेऊन फार काही करू शकत नाहीत. अधिकार दिल्लीतील केंद्रीय निबंधकांकडे. सहारा समूहाच्या चार बहुराज्य संस्थांत ठेवीदार अडकले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने मार्च २०२३ मध्ये ५ हजार कोटी रुपये केंद्रीय निबंधकांकडे वळवावे लागले आणि परताव्यासाठी वेगळे पोर्टल काढावे लागले.

सहकारी बँक आणि पतसंस्था यांतला भेदही इथेच कळतो. बँकेवर रिझर्व्ह बँकेची देखरेख असते आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या ठेवींना विमा असतो. पतसंस्थेतल्या ठेवीला, ती राज्यातली असो की बहुराज्य, हे विमाकवच नाही. नव्या दुरुस्तीने बहुराज्य संस्थांच्या सभासदांसाठी सहकार लोकपाल आणला आहे. ठेवींबाबतच्या तक्रारीची चौकशी त्याने तीन महिन्यांत पूर्ण करायची असते. तक्रार करण्यासाठी सभासदत्वाचा पुरावा आणि ठेवपावती जवळ असावी लागते, आणि ठेव ठेवतानाच पावतीवरचा नोंदणी क्रमांक राज्याचा आहे की केंद्रीय निबंधकांचा, हे पाहून ठेवलेले बरे.