व्यायामाची सावड



ऊस विकास अधिकाऱ्याने बेणे, खत, पाणी यांवर लिहावे. व्यायामाची उठाठेव त्याने कशाला करावी, असे आपणांपैकी काही जण म्हणतील. म्हणोत. दोन वर्षांपूर्वी रक्त तपासले तेव्हा आमची साखर वाढलेली निघाली. साखर कारखान्याच्या नोकराला साखर झाली म्हणून शेतकी खात्यात चार दिवस थट्टा चालली. डॉक्टरांनी गोळी दिली आणि रोज अर्धा तास भरभर चाला म्हणून बजावले.

आम्ही नवे बूट घेतले. पहिल्या खेपेस नऊ दिवस चाललो, दुसऱ्या खेपेस पाच. तिसऱ्या खेपेचे सांगायलाही लाज वाटते. कारणे तयारच असायची. रात्री तोडीचा तंटा मिटवायला उशीर झाला, आज लावणीच्या नोंदी आहेत, थंडी फार आहे. एकट्या माणसाचे असेच असते. रजेचा अर्ज करणारा तोच आणि मंजूर करणाराही तोच.

मग तात्या भेटले. आमच्याच गटातले सभासद, वय पासष्टच्या पुढे. नाव छापू नका म्हणाले. त्यांचे गुडघे धरलेले, वजन उतरवा म्हणून त्यांनाही डॉक्टरांनी सांगितलेले. ते म्हणाले, "साहेब, आपण सावड करू."

सावड म्हणजे काय हे आपणांस सांगायला नको. आज माझ्या रानात तू ये, उद्या तुझ्या रानात मी. पैसा नाही, वही नाही, पण सावड बुडवणाऱ्याला गावात तोंड दाखवता येत नाही. इर्जिकीत जेवण तरी घालून मोकळे होता येते. सावडीत माणसाला माणूसच फेडावा लागतो. तात्या पहाटे साडेपाचला कॅनॉलच्या पुलावर येऊन उभे राहू लागले. हाक नाही, फोन नाही. अंधारात एक वडीलधारा माणूस आपल्यासाठी थांबला आहे हे माहीत असल्यावर अंगावर गोधडी ओढून घेणे फार जड जाते.

चाल किती भरभर असावी, तर चालताना बोलता यावे पण गाणे म्हणता येऊ नये, ही डॉक्टरांची खूण. एकटा माणूस कोणाशी बोलून बघणार? आमचे बोलणे खोडव्याच्या पाचटावर. पाचट जाळू नका असे आम्ही बारा वर्षे सांगतो आहोत आणि तात्या बारा वर्षे जाळत आहेत. या भांडणात दोन मैल कधी सरतात ते कळत नाही. यंदा त्यांनी अर्ध्या एकरात पाचट ठेवले, पण तो निराळा लेख होईल.

कोणी म्हणेल, आम्ही शेतकरी, आम्हांला व्यायाम कशाला? ऊसतोड मजुराला हे कोणी सांगू नये, त्याचे शरीर आधीच झिजते आहे. पण आपण? बांधापर्यंत मोटारसायकल, नांगराला ट्रॅक्टर, पाण्याला ठिबकची चावी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटे अशी हालचाल सांगितली आहे. म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास. आपल्या वडिलांचे तेवढे पहिल्याच दिवशी होत असे.

सहा महिन्यांनी आमची तीन महिन्यांची सरासरी साखर ८.१ वरून ६.९ वर आली. गोळी अजून चालू आहे; ती आपल्या मनाने सोडू नये. इन्सुलिन घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवावी, छातीत दुखल्यास तिथेच थांबून डॉक्टर गाठावा. हंगामात अंधारातून ट्रॉल्या धावतात, तेव्हा पांढरा सदरा घालून समोरची वाहने दिसतील अशा उजव्या बाजूने चालावे. भगिनींनी तर जोडीनेच निघावे. एकटीला जो रस्ता बंद असतो तो दोघी-तिघींना मोकळा होतो.

जोडीदार मात्र पारखून घ्यावा. हंगाम सुरू झाला तसा आमचा सबंध आठवडा बुडाला. तात्या संध्याकाळी गट ऑफिसात आले. आता बोलणी खावी लागणार असे वाटले. ते एवढेच म्हणाले, "पहाट जमत नसंल तर आत्ता काट्यापासनं गेटापर्यंत जाऊन येऊ, चला." टोमणा मारला असता तर आम्ही चौथ्यांदा सोडून दिले असते.

यंदा श्रावणात तात्यांच्या मंडळी वारल्या. तेरावे झाले तरी ते घराबाहेर पडेनात. फेड आता आमच्याकडे होती. साडेपाचला त्यांच्या ओट्यावर जाऊन बसलो. "साहेब, तुम्ही जावा," म्हणाले. आम्ही अर्धा तास बसलो आणि परत आलो. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी सूनबाईंनी दोन कप चहा आणून ठेवला. सहाव्या दिवशी तात्या दारात आले, कोपऱ्यातल्या वहाणा पायांनी ओढून घातल्या. त्या दिवशी पुलापर्यंतच गेलो. पाचटाचे कोणीच काढले नाही.