उसाच्या मुलखातलं लोखंड

कोल्हापूर जिल्ह्यात दगडी कोळशाची खाण नाही, मोठा पोलाद कारखाना नाही आणि बंदरही नाही. तरीही मोटारी, ट्रॅक्टर, पंप आणि व्हॉल्व्ह यांचे ओतीव भाग घेणारे देशभरातले कारखानदार हमखास या गावाची वाट धरतात. शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले या औद्योगिक वसाहतींत मिळून तीनशेच्या आसपास फौंड्र्या आहेत. ओतकामात भारताचा क्रमांक जगात चीनच्या खालोखाल लागतो, आणि त्या उत्पादनात कोल्हापूरचा वाटा ठसठशीत आहे. कच्चा माल जवळ नसताना हा धंदा इथे कसा रुजला, याचं उत्तर शेतात सापडतं.

नांगर, चरक, इंजिन

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी विसाव्या शतकाच्या आरंभी बेळगावात लोखंडी नांगर तयार केला. लोखंडाने जमीन नासते अशी तेव्हा शेतकऱ्यांची समजूत होती. त्यामुळे पहिले नांगर खपायला बराच काळ गेला. पुढे बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळचा माळ देऊ केला. 1910 साली त्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. तिकडे सातारा रोडला धनजीशा कूपर यांनी नांगर आणि नंतर डिझेल इंजिनं बनवणारा कारखाना उभारला. हेच कूपर 1937 साली मुंबई प्रांताच्या हंगामी मंत्रिमंडळाचे प्रमुख होते. दक्षिण महाराष्ट्रातला यंत्रधंदा असा शेतकऱ्याच्या गरजेवर उभा राहिला.

कोल्हापुरात ती गरज उसाने वाढवली. शाहू महाराजांच्या काळात शाहूपुरीत गुळाची पेठ वसली आणि राधानगरी धरणाचं काम हाती घेतलं गेलं. नदीकाठी उसाचं क्षेत्र वाढत गेलं, तसे गुऱ्हाळाला लोखंडी चरक आणि विहिरीला पंप व ऑइल इंजिन लागू लागले. गाळपाच्या हंगामात चरकाचा दाता मोडला तर मुंबईहून भाग येईपर्यंत ऊस वाळून जाणार. म्हणून गावातल्या मेस्त्रींनी मोडका भाग नमुना म्हणून वापरून वाळूत साचा घ्यायला आणि नवा भाग ओतायला सुरुवात केली. म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार ही नावं उद्यमनगरात आजही आदराने घेतली जातात. दुरुस्ती करता करता हे लोक अख्खं इंजिन बनवू लागले, आणि कोल्हापूरचं ऑइल इंजिन शेतकऱ्यांच्या ओळखीचं झालं.

मग गावोगाव वीज पोचली. विजेची मोटर आली आणि इंजिनाची मागणी उतरली. एकाच मालावर उभी असलेली गावं अशा वेळी बसतात. कोल्हापूर तगलं, कारण साचा कसा घ्यायचा, लोखंड कधी ओतायचं आणि कुठला भाग कुठे दगा देतो, ही जाण माणसांच्या हातात होती. पुण्याच्या पट्ट्यात ट्रक आणि स्कूटरचे कारखाने वाढत होते. त्यांना ब्रेक ड्रम, हाउसिंग, फ्लायव्हील हवे होते. उद्यमनगरची जागा अपुरी पडू लागली आणि फौंड्र्या महामार्गालगतच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावकडे सरकल्या.

वाळू आणि रस

ओतकामाचं तत्त्व सोपं आहे, साधणं अवघड. आधी हव्या त्या भागाचा पॅटर्न बनतो. थंड होताना करडं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, साधारण एक टक्का आकसतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा ठेवतात. सिलिका वाळूत बेंटोनाइट माती, कोळशाची पूड आणि पाणी मिसळून ती पेटीत पॅटर्नभोवती ठासतात. भागाला आतून पोकळी हवी असेल तर वाळूचाच कोअर बसवतात. भट्टीत पिग आयर्न (कच्चं लोखंड) आणि भंगार वितळवून सुमारे 1400 अंश सेल्सिअसचा रस साच्यात ओततात. वाळूत ओल जास्त झाली की वायू अडकून ब्लो होल पडतात. रस थंडावला तर साचा पुरता भरत नाही. पूर्वी कोकवर चालणारी क्युपोला भट्टी सर्रास होती. आता इंडक्शन फर्नेस वाढल्या आहेत. त्यांत रसातल्या घटकांचं प्रमाण नेमकं राखता येतं, पण एक टन लोखंड वितळवायला साधारण 600 युनिट वीज लागते.

म्हणूनच वीजदर हा इथला कायमचा वादाचा विषय आहे. शेजारच्या कर्नाटकात वीज स्वस्त पडते, तिकडे जाऊ, असा इशारा उद्योजकांनी मध्यंतरी दिलाही होता. तरी बहुतेक जण गेले नाहीत. पॅटर्न बनवणारा, कोअर पुरवणारा, लेथवाला, रंगकाम करणारा, ट्रान्सपोर्टवाला, हे सगळे काही किलोमीटरच्या आत असतात. सकाळी निघालेली अडचण संध्याकाळपर्यंत मिटते. अशी वस्ती उचलून नव्या जागी नेता येत नाही. हा व्यवहार राज्याच्या सीमाही जुमानत नाही: गोव्यात तयार झालेलं पिग आयर्न घाट चढून येतं आणि बेळगावच्या फौंड्र्यांशी स्पर्धा व सोयरीक दोन्ही चालतात.

किलो की नग?

कच्चं कास्टिंग किलोच्या भावाने विकलं जातं. पिग आयर्न महागलं की फौंड्रीवाल्याची कमाई आटते, आणि वाढीव दर मागायला गेलं तर मोठी कंपनी दुसऱ्या पुरवठादाराचं नाव पुढे करते. तोच भाग सीएनसी मशीनवर घासून, छिद्रं पाडून, तपासून दिला की त्याचा भाव नगावर ठरतो आणि मजुरी, कौशल्य, नफा गावातच राहतो. गेल्या काही दशकांत कोल्हापूरने मारलेली खरी मजल हीच आहे. फौंड्रीशेजारी मशीन शॉप आले, निर्यात सुरू झाली आणि अभियांत्रिकी शिकलेल्या मुलांना पुण्याला न जाताही काम मिळू लागलं. कारखाने किती आले यापेक्षा टनामागे गावात किती पैसा उरला, यावर एखाद्या भागाचा विकास मोजायला हवा.

या हिशोबात खर्चाची बाजूही धरली पाहिजे. एक किलो लोखंड ओतायला चार-पाच किलो वाळू फिरवावी लागते. वापरलेली वाळू टाकायची कुठे, हा आसपासच्या गावांचा जुना प्रश्न आहे; वाळू तापवून पुन्हा वापरण्याजोगी करणारं सामायिक केंद्र शिरोलीत उभं राहिलं ते त्यातूनच. सिलिकाची बारीक धूळ फुप्फुसात साठली की सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. धूळ जागीच ओढून घेणारी यंत्रणा ही त्यामुळे चैन ठरत नाही. भट्टीपाशी राबणाऱ्यांत आज बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातून आलेले तरुण मोठ्या संख्येने आहेत. घर आणि आरोग्य यांचा विचार करताना त्यांनाही गावचं माणूस मानावं लागेल.

विजेवर चालणाऱ्या गाड्यांना इंजिन ब्लॉक लागत नाही, पण ब्रेक, हब, सस्पेन्शन आणि मोटरची कवचं लागतात. त्यातलं बरंचसं ॲल्युमिनियमचं असेल. तो धातू वेगळा, साचे वेगळे. एक माल गेला तेव्हा कोल्हापूरने दुसरा शोधला होता, पण तेव्हा मेस्त्रीचा मुलगा मेस्त्री होत होता. आज भट्टीची धग नको म्हणणाऱ्या त्या मुलाला फौंड्रीत आणायचं, तर काम कमी धुळीचं आणि पगार कौशल्याला साजेसा हवा. नव्या भट्टीवरच्या खर्चाइतकाच तोही भांडवली खर्च आहे.