भाल्याची शिकार आणि कोंडाण्याचा उतार

घोडेस्वारांनी जथ्याने निघून, कुत्र्यांच्या मागोमाग किंवा हाती भाला घेऊन, जनावराचा पाठलाग करावयाचा या शिकारीच्या प्रकारात बंदुकीला स्थान नसते. जनावर, घोडा आणि स्वार यांपैकी ज्याचा दम शेवटपर्यंत टिकेल त्याची सरशी होते, आणि म्हणूनच अशी शिकार कोठे करता येईल हे माणसाच्या हौसेपेक्षा पायाखालची जमीन अधिक ठरवते. कर्जत तालुक्यातील कोंडाणे हे या नियमाचे चांगले उदाहरण आहे. सिंहगडाचे जुने नाव कोंढाणा असल्यामुळे या गावाविषयी कित्येकांचा घोटाळा होतो. प्रस्तुत कोंडाणे मात्र राजमाची किल्ल्याच्या पायथ्याशी, उल्हास नदीच्या खोऱ्यात असून इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमाराची बौद्ध लेणी ही त्याची ख्याती आहे. एकीकडे सह्याद्रीचा कडा, त्याखाली दाट रान, आणि रान संपते तेथून बांधाबांधांनी चिरलेली भातखाचरे, अशा मुलखात भरधाव घोडा फार तर शंभर पावले जाईल.

याच्या उलट स्थिती घाटमाथ्यावरच्या देशाची. भीमा, नीरा आणि कृष्णा यांच्या काठची मोकळी माळराने घोड्याच्या चालीसाठीच जणू पसरलेली आहेत, आणि भीमथडीची काटक घोडी याच मुलखात निपजली. राजसंस्थेतील शिकारीची परंपराही जुनी आहे. कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात सिद्ध केलेल्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात राजाच्या विनोदांमध्ये, म्हणजे करमणुकींमध्ये, मृगया आणि शिकारी कुत्रे यांचा स्वतंत्र विचार केलेला आढळतो. पुढे मराठी दरबारांत शिकारखाना हे एक वेगळे खातेच असे, ज्यात शिकारी जनावरे, त्यांचे राखणदार आणि हत्यारे यांची व्यवस्था पाहिली जाई.

इंग्रजी अमलात या परंपरेला दोन फाटे फुटले. पहिला फाटा भाल्याने रानडुक्कर मारण्याचा. पेशवाईच्या अखेरीस पुण्यात रेसिडेंट असलेला आणि 1819 ते 1827 या काळात मुंबईचा गव्हर्नर झालेला माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हा ग्रंथांत बुडालेला गृहस्थ म्हणून ओळखला जात असला, तरी डुकराच्या मागे घोडा घालण्याचा त्याला विलक्षण नाद होता. खानदेशात 1825 साली भिल्ल पलटण उभारणारा जेम्स आउट्रम हाही या कामातला नामांकित. पुढे बालवीर चळवळ सुरू करणाऱ्या बेडन-पॉवेलने 1883 मध्ये मेरठच्या बाजूला होणाऱ्या कादिर चषकाची, म्हणजे भाल्याच्या शिकारीतील सर्वांत मानाची, स्पर्धा जिंकली आणि 1889 मध्ये या विषयावर एक पुस्तकही लिहिले. बंगाल्यातील भाला आखूड, मागच्या टोकाला शिसे भरून जड केलेला आणि वरून खाली खुपसण्याचा असे, तर मुंबई इलाख्यातला भाला आठ फुटांच्या आसपास लांब आणि कमरेच्या पातळीवर आडवा धरण्याचा असे, हा भेद तत्कालीन शिकारी मोठ्या अभिमानाने सांगत.

अशा शिकारीचा दिवस उन्हाच्या आधी सुरू होई. हाकारे, म्हणजे आरडाओरडा करून रान उठवणारे गावकरी, उसाच्या फडाच्या किंवा झुडपांच्या एका अंगाने शिरत. दुसऱ्या अंगाला तीन-चार स्वारांची एकेक टोळी आडोशाला थांबे. डुक्कर बाहेर पडताच धावायचे नाही, त्याला फडापासून पुरेसे दूर जाऊ द्यायचे, ते पुरते वाढलेले आहे की नाही हे टोळीच्या म्होरक्याने पारखायचे, मादी असल्यास सोडून द्यायची, आणि त्याने इशारा दिल्यावरच टाच मारायची असा दंडक होता. ज्याच्या भाल्याला पहिले रक्त लागे त्याला सुळ्यांचा मान मिळे. काळ्या रानातल्या भेगा, ओढे आणि कठडा नसलेल्या विहिरी यांमुळे डुकराच्या सुळ्यांइतकीच जमीनही स्वाराच्या जिवावर उठे, आणि खरे पाहता या खेळाची सारी चटक या धोक्यातच होती. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनाही हा नाद होता. त्यांच्या संस्थानात काळविटावर शिकवलेले चित्ते सोडण्याची शिकारही चाले.

दुसरा फाटा कुत्र्यांच्या शिकारीचा. विलायतेतील पद्धतीत मुख्याधिकाऱ्यास मास्टर, शिंग फुंकून कुत्र्यांना चालवणाऱ्यास हंट्समन आणि कळपाबाहेर जाणाऱ्या कुत्र्यांना आवरणाऱ्यास व्हिप म्हणतात. बाकीचे स्वार केवळ मागे धावतात. तेथील जनावर 'फॉक्स', ज्याचा आपल्याकडील भाऊबंद खोकड होय. शालेय भाषांतरांनी त्याला सरसकट कोल्हा करून टाकले आहे. खोकड चटकन बिळात शिरत असल्याने पाठलागाची हौस भागत नाही, म्हणून हिंदुस्थानातील इंग्रजांनी कोल्ह्याची निवड केली, आणि भाषांतराची ती चूक शिकारीपुरती खरी ठरली. मुंबईजवळचे साष्टी बेट तसेच पुणे-खडकीची लष्करी छावणी येथे अशा शिकारी चालत. विलायती कुत्रे वासावर धावतात आणि वास दवात टिकतो, ऊन चढले की उडून जातो. त्यामुळे हिवाळ्यातल्या पहाटेचे काही तासच कामाचे असत, आणि येथील उन्हाळा त्या कुत्र्यांना मानवत नसे. देशी कारवान किंवा मुधोळ कुत्रा याच्या अगदी उलट नजरेवर धावतो, म्हणून त्याला उघडा माळ आणि डोळ्यांसमोर पळणारा ससा लागतो.

घाटाखाली, कर्जत-खालापूरच्या रानात, यांतले काहीच लागू पडत नव्हते. येथील कातकरी आणि ठाकर यांची पारध पायी असे: काहींनी हाकारे करीत रान उठवायचे, काहींनी नाळेच्या किंवा खिंडीच्या तोंडाशी दबा धरायचा. साहेबाच्या शिकारीत हाकारा हा दिवसाच्या मजुरीचा गडी होता. पारधीत तो स्वतः शिकारी असे आणि मांसात त्याचा वाटा ठरलेला असे. शिकारीच्या छापील आठवणींत पहिल्या भाल्याचा धनी नावानिशी येतो, हाकाऱ्याचे नाव क्वचितच येते. या साऱ्या वाङ्मयातला हा मोठा दोष मानावा लागेल.

कर्जत तालुक्यात घोडा टिकला तो शिकारीसाठी नव्हे, तर चढावर माणूस आणि ओझे वाहण्यासाठी. ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट याने 1850 मध्ये माथेरानचा डोंगर हेरला. 1907 मध्ये नेरळहून छोटी आगगाडी सुरू झाली. तरी मोटारींना बंदी असल्याने दस्तुरीच्या नाक्यापुढे घोडा, हातरिक्षा आणि हमाल यांवरच गावाचा व्यवहार कित्येक दशके चालला.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 नुसार आता कोल्हा, काळवीट किंवा डुक्कर यांच्या मागे हौसेखातर भाला वा कुत्रे घेऊन जाणे हा गुन्हा आहे. पिकांची नासधूस करणाऱ्या डुकरांबाबतही वनखात्याची रीतसर परवानगी लागते. इंग्लंडमध्येही 2004 च्या कायद्याने कुत्र्यांकरवी खोकड मारणे बंद झाले, आणि तेव्हापासून तेथील स्वार आधी जमिनीवर ओढून ठेवलेल्या कृत्रिम वासामागे धावतात. कोंडाण्याच्या लेण्यांकडे जाणाऱ्याने मात्र घोड्याची चौकशी करू नये. कोंदिवड्याच्या बाजूने शेवटचा चढ आजही पायीच चढावा लागतो.