कुतूहल : धोक्याचा अंदाज किती खरा?

पंचगंगा राजाराम बंधाऱ्यापाशी 39 फुटांवर गेली की इशारा, 43 फुटांवर धोका. हे कोल्हापूरकरांना पाठ असतं. गुन्ह्यात सापडलेल्या मुलालाही अशी धोक्याची पातळी लावता येते का? परदेशात त्यासाठी प्रश्नावल्या आहेत. शाळा सुटली का, संगत कशी, घरी मारहाण होते का, यावरून ‘कमी’ किंवा ‘जास्त’ धोका ठरतो.

समजा, 100 मुलांपैकी 10 जण पुढे गंभीर हिंसा करणार आहेत. चाचणीनं त्यातले 8 ओळखले आणि उरलेल्या 90 पैकी 72 जणांना निर्धोक ठरवलं. चाचणी चांगलीच म्हणायची! पण 18 निर्धोक मुलांवरही शिक्का बसला. म्हणजे एकूण शिक्के 26, त्यातले 18 चुकीचे. घटना जितकी विरळ, तितका खोट्या इशाऱ्यांचा वाटा मोठा.

प्रौढांसह 24,827 जणांवरच्या अभ्यासांचा आढावा 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. हिंसेचा धोका जास्त ठरलेल्यांपैकी 41 टक्केच पुढे हिंसक वागले. कमी धोक्याचा अंदाज मात्र 91 टक्के बरोबर आला. त्यामुळे कुणाला मदत हवी, हे शोधायला चाचणी ठीक. शिक्षा ठरवायला नाही. शिवाय सोळाव्या वर्षी मेंदूतला आवर घालणारा भाग अजून घडतच असतो.

आपला 2015 चा बाल न्याय कायदा वेगळं विचारतो. अतिगंभीर गुन्ह्यात 16 ते 18 वयाच्या मुलाला परिणामांची समज होती का, हे बाल न्याय मंडळ तपासतं. मंडळात बालमानसशास्त्राचा जाणकार नसेल, तर तज्ज्ञाची मदत घेतलीच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयानं 2022 मध्ये स्पष्ट केलं आहे.